टाकीतलं पाणी जातं कुठं?

गावच्या आकडेवारीबद्दल वाचकांचे प्रश्न

केंद्र सरकारचं स्मार्ट सिटी अभियान जून २०१५ मध्ये सुरू झालं. शंभर शहरांच्या त्या यादीत विदर्भातून एकटं नागपूर होतं. आकडे बघून शहर चालवायचं ही कल्पना मात्र आता तालुक्याच्या गावांत आणि ग्रामपंचायतींतही पोचली आहे. ‘आकडेवारी आणि गावाचा कारभार’ या विषयावर आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा सगळ्यात जास्त पत्रं पाणी, वीजबिल आणि घरपट्टीबद्दल आली. त्यांतले काही प्रश्न इथं घेतले आहेत. पत्रलेखकांची आणि गावांची नावं गाळून फक्त जिल्हा दिला आहे.

प्रश्न : आमच्या गावची लोकसंख्या ३,२००. एक लाख लिटरची टाकी दिवसातून दोनदा भरतो. तरी शेवटच्या वस्तीत पाणी पोचत नाही, बाया रिकामे गुंड घेऊन ग्रामपंचायतीत येतात. एक कंपनी टाकीला सेन्सर लावून सगळं मोबाइलवर दाखवतो म्हणते. घ्यावं का?
— सरपंच, यवतमाळ जिल्हा

आत्ता घेऊ नका. आधी पंधरा दिवस हातानं मोजा. सेन्सर टाकीची पातळी दाखवेल, पण पाणी कुठं जातं ते सांगणार नाही, आणि तुमचा प्रश्न तर तोच आहे.

कागदावर तुमचं पाणी पुरतं. दोन लाख लिटर भागिले ३,२०० म्हणजे माणशी रोज ६२ लिटर. जल जीवन मिशनचा निकष ५५ लिटरचा आहे. तेव्हा तीनच शक्यता उरतात : दोन लाख लिटर टाकीत चढतच नाही, चढलेलं वाटेत गळतं, किंवा वाटप असमान होतं. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आणि खर्चही वेगळा. हे न तपासता नवी बोअर मारणं किंवा दुसरी टाकी बांधणं म्हणजे गावचा पैसा अंदाजावर घालवणं.

सुरुवात टाकीपासून करा. आतला व्यास मोजा. तो ६ मीटर असेल तर क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर भरतं, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर हलली की २८३ लिटर पाणी आलं किंवा गेलं. हा एक आकडा टाकीखालच्या खोलीत भिंतीवर रंगवून ठेवा, पुढचं सगळं गणित त्याच्यावर चालतं. टाकीबाहेरची तरंगत्या गोळ्याची पट्टी बऱ्याचदा अडकलेली असते. तार मोकळी करून एकदा वरून टेप सोडून तिचं माप ताडून घ्या.

मग मोटरची परीक्षा. टाकीचा खालचा वॉल (व्हॉल्व्ह) पूर्ण बंद करा, मोटर चालू करा आणि अर्ध्या तासात पातळी किती चढली ते बघा. समजा ४५ सेंटिमीटर चढली. म्हणजे साधारण १२,७०० लिटर, तासाला २५,५०० च्या आसपास. या वेगानं टाकी एकदा भरायला जवळपास चार तास लागतात, दोनदा भरायला आठ. तुमच्याकडं त्या लाइनवर वीज सहाच तास टिकत असेल तर टाकीत दीड लाख लिटरच चढतं, माणशी ४८ लिटरही नाही. रजिस्टरवर मात्र ‘दोन वेळा भरली’ असंच राहतं, कारण दुसऱ्या वेळी अर्धीच भरली तरी नोंद ‘भरली’ अशीच होते. म्हणून ‘भरली’ हा शब्द बंद करा आणि सेंटिमीटर लिहा.

गळतीसाठी रात्री भरलेल्या टाकीचे येणारा आणि जाणारा असे दोन्ही वॉल बंद ठेवा आणि पहाटे पातळी बघा. १० सेंटिमीटर उतरली असेल तर २,८३० लिटर गेलं : एक तर टाकी पाझरते किंवा वॉल नीट बसत नाही. वॉलनंतरच्या पाइपमध्ये कान लावून आवाज ऐकला की दोन्हींतलं कोणतं ते बहुधा कळतं.

वाटपासाठी वस्तीवार नोंद हवी. वॉलमन प्रत्येक वस्तीचा वॉल उघडतो तेव्हाची आणि बंद करतो तेव्हाची पातळी लिहायची. उदाहरण घ्या : पहिल्या वस्तीत १८० घरांना ४२,००० लिटर गेलं, म्हणजे घरटी २३३. शेवटच्या वस्तीत २१० घरांना १९,०००, घरटी ९०. दोन्हीकडं वॉल एक-एक तासच उघडा होता. वॉल उघडण्याची वेळ सारखी ठेवणं आणि पाणी सारखं देणं यांतला फरक इथं उघड्यावर येतो. टाकीजवळच्या वस्तीला दाब जास्त मिळतो, तिथं तेवढ्याच वेळात दुप्पट पाणी जातं. पहिली दुरुस्ती फुकट आहे : जवळच्या वस्तीची वेळ कमी करा, शेवटची वाढवा, आणि शेवटच्या वस्तीला आधी सोडा.

एवढं करूनही शेवटच्या नळाला धार येत नसेल तर २० लिटरची बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ घ्या. ओळीतल्या पहिल्या घरी बादली १०० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. शेवटच्या घरी पाच मिनिटं लागतात, म्हणजे मिनिटाला ४. आता हीच परीक्षा वस्तीची वीज गेलेली असताना पुन्हा करा. टाकीतून पाणी उतारानं येतं, त्याला वीज लागत नाही. वीज नसताना शेवटच्या घराची धार वाढली, तर मधल्या घरांचे टिल्लू पंप पाणी ओढताहेत. धार तेवढीच राहिली, तर दोष पाइपात आहे : गाळ, अडकलेली हवा, नालीखाली फुटलेला जोड, किंवा शंभर घरांसाठी टाकलेल्या लाइनवर आता दोनशे कनेक्शनं. टिल्लू पंप असतील तर प्रश्न ग्रामसभेचा आहे, पाइप असेल तर गवंडी-प्लंबरचा. हे एका बादलीनं ठरतं.

त्याच वेळी दोन्ही टोकांना ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करा. शेवटच्या नळाला मोकळं क्लोरीन लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम मिळायला हवं. टाकीजवळ ०.५ आणि शेवटी शून्य आलं तर टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) डोस वाढवून गप्प बसू नका. मधे कुठं तरी नालीचं पाणी लाइनीत शिरत असण्याची दाट शक्यता आहे : पुरवठा बंद झाला की रिकामा पाइप फुटलेल्या जोडातून बाहेरचं पाणी आत ओढतो. गावात जुलाबाची साथ पसरायला एवढं पुरतं.

नोंदवहीत रकाने थोडे ठेवा : तारीख, मोटर चालू, मोटर बंद, वीजमीटरचं वाचन, वस्तीचं नाव, वॉल उघडताना पातळी, बंद करताना पातळी. वॉलमननं कागदावर लिहायचं, रोज फोटो पाठवायचा, संगणक परिचालकानं आठवड्यातून एकदा एक्सेलमध्ये चढवायचं. नोंदी खऱ्या आहेत का हेही आकड्यांवरूनच कळतं. रोज मोटर बरोबर ६:०० ला चालू आणि १०:०० ला बंद, पातळी नेहमी ५० किंवा १००, असं दिसलं की वही एका बैठकीत भरली आहे असं समजा. खऱ्या नोंदीत ६:१२, ५:५५ आणि ४७ सेंटिमीटर असे आकडे येतात. पण त्यावरून वॉलमनला झापू नका. ज्या वहीवरून पगार कापला जातो, ती वही दुसऱ्या दिवसापासून खोटी व्हायला लागते.

पंधरा दिवसांनंतर काही विकत घ्यायचंच असेल तर टाकीच्या बाहेर जाणाऱ्या लाइनीवर एक बल्क मीटर घ्या. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या साधारण दहापट आणि नंतर पाचपट लांबी सरळ हवी. १०० मिलिमीटरच्या पाइपला आधी एक मीटर, नंतर अर्धा. कोपराला लागून मीटर बसवला की वाचन चुकतं. चक्रीचा मीटर गाळानं अडकतो आणि रिकाम्या पाइपातली हवा जोरात बाहेर पडताना फिरतो, त्यामुळे पुरवठा सुरू झाल्याबरोबरचे आकडे फुगलेले येतात. मीटरपाशी पाइप सदैव भरलेला राहील अशी जागा निवडा.

प्रश्न : पाणीपुरवठा आणि दिवाबत्तीचं वीजबिल दरवर्षी वाढतं. दर वाढले म्हणून की आमचंच काही चुकतं, हे कसं ओळखायचं?
— ग्रामपंचायत सदस्य, अमरावती जिल्हा

रुपये बाजूला ठेवा, युनिट बघा. दर आपल्या हातात नाही, युनिट आहेत.

सगळ्यात आधी महावितरणच्या १२ अंकी ग्राहक क्रमांकांची यादी करा आणि प्रत्येकासमोर ती कोणती मोटर, कोणत्या चौकातले दिवे ते प्रत्यक्ष मीटरपाशी जाऊन लिहा. बंद पडलेल्या बोअरचं कनेक्शन चालू राहून त्याचा स्थिर आकार वर्षानुवर्षं भरला जातो, तो या यादीत सापडतो. बिलावर मीटरची स्थितीही छापलेली असते. मीटर बंद किंवा नादुरुस्त असेल तर बिल सरासरीनं येतं, आणि सरासरीच्या बिलावरून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही. आधी मीटर बदलून घ्या.

मोटरसाठी एक हजार लिटरमागं किती युनिट जळतात ते काढा. पाणी जितके मीटर वर चढवायचं त्याला ०.००२७२५ नं गुणलं की एक हजार लिटरला लागणारे किमान युनिट मिळतात. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत, पाइपातलं घर्षण धरून, ४० मीटर असेल तर किमान ०.११ युनिट. मोटर आणि पंप मिळून निम्म्याच्या आसपास ऊर्जा वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात ०.२२ ते ०.२५ आलं तर पंप चांगला आहे. ०.३ पर्यंत चालवून घ्या. ०.४ च्या वर गेलं तर पंप बाहेर काढायची वेळ झाली : घासलेला इंपेलर, कॉलम पाइपाच्या जोडातून विहिरीतच परत पडणारं पाणी, अर्धवट उघडा वॉल, किंवा कमी व्होल्टेज. उन्हाळ्यात पाणी खाली जातं तसा आकडा थोडा चढणारच, म्हणून मे महिन्याची तुलना मागच्या मे महिन्याशी करा, डिसेंबरशी नको.

दिवाबत्तीचं गणित याहून सोपं. २४ वॉटचे १५० एलईडी दिवे रोज ११ तास जळले तर महिन्याला साधारण १,२०० युनिट. बिलात २,२०० आले तर दुपारी बारा वाजता गावात फेरी मारा, दिवसा जळणारे खांब मोजा. तेवढ्यानं हिशोब जुळला नाही तर जुने सोडियम दिवे राहिलेत का आणि दिव्याच्या वायरवरून कुणी घरात जोडणी घेतली आहे का ते लाइनमनला सोबत घेऊन बघा. दिवे वारंवार जात असतील तर खांबवार नोंद ठेवा. एकाच रोहित्रावरचे दिवे पुन्हा पुन्हा जात असतील तर दोष दिव्यांत नाही. मध्यरात्रीनंतर भार उतरला की त्या रोहित्रावर व्होल्टेज चढतं का, ते मोजून घ्या.

प्रश्न : ‘एआय डॅशबोर्ड’ देणाऱ्यांची कोटेशनं येतात. त्यांना काय विचारावं?
— नगरपंचायत नगरसेवक, चंद्रपूर जिल्हा

आकडे कुणाच्या मालकीचे राहणार, आणि करार संपल्यावर ते एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या सीएसव्ही फाइलमध्ये आपल्याला परत मिळणार का? सिमचं रिचार्ज, बॅटरी आणि सर्व्हर यांचा दुसऱ्या वर्षापासूनचा खर्च किती? वीज पडून किंवा वानरांनी वायर तोडून सेन्सर बंद झाला तर टाकीवर कोण आणि किती दिवसांत चढणार? चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा : पडद्यावर लाल दिवा लागला की कुणाच्या मोबाइलवर संदेश जाणार आणि त्या माणसानं काय करायचं? याचं उत्तर लेखी नसेल तर कोटेशन परत करा. आणि एका टाकीच्या सहा महिन्यांच्या नोंदींवरून पुढच्या उन्हाळ्याचं भाकीत करून देतो म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. ज्या नोंदींत एकही पूर्ण उन्हाळा नाही, त्यांतून उन्हाळा काढता येत नाही.

प्रश्न : घरपट्टीच्या नमुना ८ (कर आकारणी) आणि नमुना ९ (कराची मागणी) ची जुनी यादी एक्सेलमध्ये आहे, पण कृतिदेवमध्ये टाइप केलेली. नावं दोन-दोनदा आहेत, बेरीज जुळत नाही. थकबाकीचं विश्लेषण करायचं तर सुरुवात कुठून करू?
— संगणक परिचालक, बुलढाणा जिल्हा

मूळ फाइलची प्रत करा, तिच्या नावात तारीख घाला, आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावू नका.

कृतिदेव हा जुना फाँट आहे, युनिकोड नाही. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठतात इंग्रजी अक्षरं. म्हणून अकारविल्हे लावली की यादी विस्कटते आणि शोध चालत नाही. परिवर्तक वापरून यादी युनिकोडमध्ये आणा, पण फक्त मजकुराचे रकाने बदला. आकड्यांचे रकाने त्यात टाकले की तेही बिघडू शकतात. बदल झाल्यावर रफार, ऱ्हस्व इकार आणि श्र, क्ष, ज्ञ असलेली नावं डोळ्यांनी तपासा, चुका तिथंच होतात.

बेरीज न जुळण्याचं कारण बहुधा आकडे मजकूर म्हणून साठलेले असणं हे असतं. रकान्याची मांडणी काढून टाकली की खरा आकडा उजव्या कडेला जातो, मजकूर डाव्या. ‘५००/-’ असं लिहिलेलं, मधे जागा सुटलेलं किंवा देवनागरी अंकात टाइप केलेलं बेरजेत धरलं जात नाही, आणि एक्सेल त्याची तक्रारही करत नाही. हे सगळं एकसारखं करा. क्षेत्रफळाचा रकानाही तपासा : काही घरं चौरस फुटांत, काही चौरस मीटरमध्ये अशी सरमिसळ झालेली असते. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. गावठाणातल्या साध्या घरासमोर ६०० चौरस मीटर दिसलं तर तो आकडा फुटांचा असणार. पण संगणकावर बसून दुरुस्त करू नका. शिपायाला टेप देऊन पाठवा आणि बदल रीतसर नोंदवा, कारण त्यावरून कर ठरतो.

नावावरून जोडणी कधीच करू नका. वानखडे आणि वानखेडे, बाबुराव आणि बाबूराव हे संगणकाला वेगळे. आणि एकाच नावाचे दोन चुलतभाऊ त्याला एकच. प्रत्येक मालमत्तेला कायमचा क्रमांक द्या. वाटणी झाली तर ११२ चे ११२/१ आणि ११२/२ करा, पण ११२ दुसऱ्या कुणाला देऊ नका. तुमच्या गावाचं स्वामित्व योजनेतलं ड्रोन मोजणीचं काम झालं असेल तर तो नकाशा आणि नमुना ८ समोरासमोर ठेवा. नकाशात आहेत पण नमुन्यात नाहीत अशी घरं ही पहिली यादी. नमुन्यात आहेत पण जागेवर पडीक भिंतच उरली आहे ती दुसरी. थकबाकीतली काही रक्कम या दुसऱ्या यादीत अडकलेली असते. ती वसूल होणारी नाही, तरी दरवर्षी मागणीत धरली जाते आणि वसुलीची टक्केवारी खाली ओढते.

यानंतर विश्लेषण. थकबाकी मोठ्यापासून लहानाकडं लावा आणि शेजारी चढती बेरीज घ्या. निम्मी रक्कम किती खातेदारांकडं आहे ते दिसेल. गावागावात ती मोजक्यांकडं असते : मोबाइल टॉवर, गोदाम, जिनिंग, बाहेरगावी राहणारे मालक. सगळ्या गावात भोंगा फिरवण्यापेक्षा त्या मोजक्यांना नोटीस देणं सोपं पडतं.

दुसरं म्हणजे, नमुना १० च्या, म्हणजे कर भरल्याच्या, पावत्यांच्या तारखांवरून एक्सेलमध्ये महिनावार बेरजेचा तक्ता (पिव्हट टेबल) करा. वसुलीचा जोर मार्चमध्ये लावायची पद्धत आहे, पण शेतकऱ्याच्या हातात पैसा सोयाबीन विकल्यावर, कापसाच्या पहिल्या वेच्यांनंतर आणि तूर घरात आल्यावर येतो, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावत्यांत या महिन्यांत आपोआप वाढ दिसली तर वसुलीचं शिबिर तेव्हाच घ्या. मार्चमध्ये तो पैसा लग्नात आणि उधारीत गेलेला असतो, मग माणसाला अपमान सोसावा लागतो आणि पंचायतीला हात हलवत यावं लागतं.

प्रश्न : थकबाकीदारांची यादी गावाच्या व्हॉट्सअॅप गटात टाकली तर चालेल का?
— ग्रामसेवक, वाशीम जिल्हा

नको. एक्सेलची फाइल एकदा गटात गेली की परत घेता येत नाही, आणि तिच्या बाजूच्या रकान्यांत मोबाइल आणि आधार क्रमांकही असतात. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. गटात टाकायचंच तर वॉर्डनिहाय मागणी, वसुली आणि त्या पैशातून झालेलं काम टाका. विश्लेषणाच्या फाइलमध्ये आधार क्रमांकाची गरजच नसते. तो रकाना पहिल्याच दिवशी काढून टाका.

प्रश्न : दर उन्हाळ्यात टँकरची मागणी आम्ही उशिरा करतो. आधी अंदाज बांधता येईल का?
— पाणीपुरवठा समिती सदस्य, अकोला जिल्हा

येईल, आणि साधन म्हणून एक टेप पुरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्या नोंदी तालुक्याचं चित्र दाखवतात. तुमच्या गावच्या विहिरीचं चित्र तुम्हालाच काढावं लागेल.

कठड्यावर रंगाची एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. दर पंधरा दिवसांनी, पहाटे, मोटर चालू व्हायच्या आधी. उपसा चालू असताना घेतलेली पातळी विश्रांतीच्या पातळीपेक्षा खोल येते, आणि दोन्ही प्रकारच्या नोंदी एकाच यादीत मिसळल्या की आलेख निरुपयोगी होतो. ऑक्टोबरपासून सुरू करा.

समजा १५ ऑक्टोबरला पाणी ४.२ मीटर खोल होतं, १५ डिसेंबरला ६.०, १५ फेब्रुवारीला ८.१. पंपाचा फूटवॉल १३ मीटरवर आहे. उरले ४.९ मीटर. शेवटच्या दोन महिन्यांत उतार महिन्याला १.०५ मीटर होता. त्याच वेगानं पाणी जुलैच्या सुरुवातीपर्यंत पुरतं असं वाटेल, आणि फसगत इथंच होते. खोलीवर उतार वाढतो. पश्चिम विदर्भाच्या काळ्या पाषाणात वरच्या झिजलेल्या थरात पाणी जास्त असतं, खालच्या कठीण खडकात कमी, म्हणून तेवढाच उपसा खाली जास्त मीटर उतरवतो. त्यात एप्रिल-मेची उष्णता आणि शेजारच्या बोअर. उतार दीडपट, म्हणजे महिन्याला जवळपास १.६ मीटर, धरला तर पाणी मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपतं. तेव्हा दोन तारखा काढा, चालू वेगाची आणि दीडपट वेगाची, आणि प्रस्ताव दुसरीच्या दोन महिने आधी पाठवा. म्हणजे मार्चमध्ये, पातळ्यांच्या कागदासह. पंधरवड्याच्या नोंदी जोडलेल्या अर्जाला ‘पाणी कमी आहे’ या वाक्यापेक्षा वजन येतं. विहीर अधिग्रहण करायची असेल तरी ती कोणती, हे तिचीही पातळी मोजली असेल तरच सांगता येतं.

खारपाणपट्ट्यात पातळीसोबत क्षारही मोजा. पूर्णेच्या काठच्या गावात विहिरीला पाणी भरपूर आणि तरी प्यायला थेंब नाही, अशी स्थिती असते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागं ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. खिशातल्या टीडीएस मीटरनं अंदाज येतो. पण फ्लोराइड आणि नायट्रेट त्यावर कळत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्या.

प्रश्न : घंटागाड्यांना जीपीएस लावलं. रिपोर्टमध्ये शंभर टक्के फेऱ्या दिसतात, पण गल्लीच्या तोंडाशी ढीग तसेच आहेत.
— नगरपंचायत कर्मचारी, वर्धा जिल्हा

जीपीएस गाडी कुठं होती ते सांगतं, तिनं कचरा उचलला का ते नाही. आधी नोंदीचं अंतर बघा. गाडी ताशी १५ किलोमीटरनं चालली तर ३० सेकंदांत १२५ मीटर जाते. म्हणजे शंभर मीटरची गल्ली दोन नोंदींच्या मधे निसटू शकते, आणि न गेलेली गल्लीही नकाशावर झालेली वाटू शकते. अंतर १० सेकंदांवर आणा. मग वेळ तपासा : ३०० घरांना घरटी २० सेकंद धरले तरी नुसतं थांबणं १०० मिनिटांचं होतं. गाडी पाऊण तासात वॉर्ड उरकत असेल तर ती भोंगा वाजवत पुढं जाते आहे.

कचऱ्याचं वजन कुठंच होत नसेल तर जवळच्या जिनिंगच्या काट्यावर गाडी एकदा रिकामी तोला, मग सलग सात दिवस प्रत्येक फेरी. आठवडी बाजाराचा दिवस त्यात आलाच पाहिजे. पावसाळ्यातलं वजन वेगळं ठेवा, ओल्या कचऱ्यानं आकडा फुगतो. ढिगांचे फोटो रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला एकाच जागेवरून घ्या. ढीग रात्रीतून वाढत असेल तर तो बहुधा घरांचा नाही, दुकानं आणि नाश्त्याच्या गाड्या बंद झाल्यानंतरचा आहे. गाडी सकाळी सातला येते आणि कचरा रात्री दहाला निघतो, तिथं दंडापेक्षा बाजारपेठेत रात्रीची एक फेरी जास्त काम करते.

प्रश्न : आमच्या टोल्यांवर (लहान वस्त्यांवर) नेटवर्क नाही. मग हे सगळं आमच्यासाठी नाहीच का?
— शिक्षक, गडचिरोली जिल्हा

आहे. कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके या मोबाइलवर माहिती गोळा करायच्या साधनांवर अर्ज एकदा मोबाइलमध्ये उतरवून घेतला की तो नेटवर्कशिवाय भरता येतो. तालुक्याला आल्यावर सगळे अर्ज एकत्र जातात. मोबाइलवरचं अॅप दोन्हींचं फुकट आहे. निघण्याआधी मोबाइलची तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, कारण नोंदीवर तीच उमटते. हापशीपाशी जागा टिपताना जीपीएसची अचूकता १० मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. दाट झाडीत त्याला दोन-तीन मिनिटंही लागतात, आणि घाई केली तर हापशी नकाशावर दुसऱ्याच टोलीत जाऊन बसते.

उत्तरं लिहायला लावू नका, निवडायला लावा. ‘हापशी चालू / पाणी येतं पण लाल / दांडा तुटला / कोरडी’ एवढे चार पर्याय दिले की महिन्याची यादी मोजता येते. गावाचं नावही टाइप करू देऊ नका. तुमच्या भागात एकाच नावामागं चक, माल, तुकूम, रिठ लागून चार-चार गावं असतात, खुर्द आणि बुद्रुक वेगळे. अर्जात शासनाच्या स्थानिक स्वराज्य निर्देशिकेतला गावाचा सांकेतिक क्रमांक आधीच भरून ठेवा आणि त्याखाली टोलीचं नाव यादीतून निवडायला द्या. टोलीला स्वतंत्र क्रमांक नसतो, म्हणून तो तुम्हीच ठरवा, ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून ठेवा आणि आशाताई, अंगणवाडीताई आणि हापशी दुरुस्तीचा मेकॅनिक या सगळ्यांना तोच वापरायला सांगा.